बेडकाची साक्ष

१९६५ च्या जून महिन्यात मी एका जिल्ह्याच्या गावच्या रुग्णालयात प्रयोगशाळेतला उमेदवार म्हणून रुजू झालो. इंटर सायन्सची परीक्षा नुकतीच पार पडलेली, अंगात नवा पांढरा कोट आणि डोक्यात पाश्चर नि कॉख. आता आपण सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा आणि रोगजंतूंची दाणादाण उडवायची, अशा थाटात मी पहिल्या दिवशी दारात उभा राहिलो. तिथल्या डॉक्टरसाहेबांनी मला आपादमस्तक न्याहाळले आणि शिपाईमामांना हाक मारून म्हणाले, "यांना आज संध्याकाळी बरोबर घेऊन जा. बेडूक संपत आलेत."

मामा जुने, कसलेले गृहस्थ. दिवेलागणीनंतर नगरपालिकेच्या दिव्यांखाली किडे जमतात आणि ते खायला बेडूक जमतात, हे त्यांचे शास्त्र. डबक्यात डरांव डरांव करणारा गुळगुळीत बेडूक आमच्या उपयोगाचा नव्हे. आम्हांला हवा असे तो मातकट रंगाचा, अंगभर खडबडीत फोड असलेला, उडी मारण्याचाही कंटाळा असलेला भेक. आणि तोही नर. पुस्तकांतून त्याचे नाव त्या काळी बुफो मेलॅनोस्टिक्टस असे भारदस्त छापलेले असे. मामा त्याला नुसते 'गडी' म्हणत. गोणपाटाची पिशवी भरून आम्ही परतलो तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. घरी गेल्यावर आईने चिखलाने माखलेला कोट पाहिला आणि विचारले, "अरे, बेडूकच धरायचे होते तर इंटरपर्यंत शिकलास कशाला? ओढा काय दूर होता?"

दुसऱ्या दिवशी त्या गड्यांचे काम मी पाहिले. दिवस राहिल्याचा संशय असलेल्या बाईचे सकाळचे मूत्र गाळून घ्यायचे, ते सुईने बेडकाच्या पाठीच्या कातडीखाली टोचायचे आणि त्याला बरणीत ठेवून आपण चहाला जायचे. दोन-तीन तासांनी त्याच्या अंगातले थेंबभर पाणी नळीने ओढून काचपट्टीवर घ्यायचे. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात नरबीजे वळवळताना दिसली की बाईला दिवस आहेत. पाणी निर्मळ असेल तर नाहीत. बेडकाला मग काही दिवस विश्रांती मिळे आणि तो पुन्हा कामावर हजर होई. बाईच्या पोटातली गोष्ट, तिला स्वतःलाही नीट न कळलेली, ह्या प्राण्याला कशी कळते? मी डॉक्टरसाहेबांना विचारले. ते सह्या करीत होते. मान वर न करता म्हणाले, "हॉर्मोन." एवढ्या एका शब्दावर बहुतेकांचे समाधान झाले असते. माझे झाले नाही, त्याला कारण होते.

मी आठ वर्षांचा असताना, १९५३ साली, आमच्या धाकट्या काकूला दिवस गेले. घरात आनंद झाला. पण तिसऱ्याच महिन्यात तिचे पोट पाचव्या महिन्याएवढे दिसू लागले. आजी म्हणाली, "जुळे आहे." काकूला उलट्या इतक्या होत की पाण्याचा घोट ठरत नसे. मग एका रात्री माजघरात धावपळ झाली, आम्हां मुलांना ओटीवर नेऊन निजवले. सुईण बाहेर आली तेव्हा ती आजीला हलक्या आवाजात म्हणाली की मूल नव्हतेच. नुसते द्राक्षांचे घोस होते. मी डोळे मिटून ऐकत होतो. द्राक्षे आमच्या घरी वर्षातून एकदा येत, आणि पुढे कितीतरी वर्षे मला ती खाववली नाहीत.

काकू त्यातून उठली. पण चार महिन्यांनी तिला खोकला लागला, खोकल्यातून रक्त पडू लागले. क्षय म्हणून औषध सुरू झाले. वर्ष पुरे व्हायच्या आत ती गेली. तेवीस वर्षांची होती. गेल्यावरसुद्धा तिची सुटका झाली नाही. कोणी म्हणाले, ग्रहणात तिने भाजी चिरली होती. कोणी म्हणाले, भरल्या दिवशी चिंचेखालून गेली. शेवटी दोष तिचाच ठरला आणि विषय मिटला.

तेव्हा बेडकाच्या अंगी ही विद्या कोठून आली, हे मी शोधीत गेलो ते काही निव्वळ शास्त्राच्या आवडीपोटी नव्हे. जे हाती लागले ते आज सांगतो.

मूत्रावरून गर्भ ओळखण्याची कल्पना फार जुनी. इजिप्तमधला सुमारे सव्वातीन हजार वर्षांपूर्वीचा एक वैद्यकीय पपायरस बर्लिनच्या संग्रहालयात आहे. त्यात सांगितले आहे की बाईने जवाच्या आणि गव्हाच्या दाण्यांवर रोज मूत्र शिंपावे. दोन्ही उगवले तर तिला मूल होईल. जव उगवले तर मुलगा, गहू उगवला तर मुलगी. काहीच उगवले नाही तर मूल नाही. ह्याला भाकडकथा म्हणून हसणे सोपे आहे. पण १९६३ मध्ये इजिप्तच्याच काही संशोधकांनी हा प्रयोग करून पाहिला, तेव्हा गरोदर बायकांच्या मूत्राने शंभरातल्या सुमारे सत्तर वेळा दाणे उगवले. पुरुषांच्या आणि गरोदर नसलेल्या बायकांच्या मूत्राने ते उगवले नाहीत. मुलगा-मुलगी सांगण्याचा भाग मात्र साफ फसला.

नवल असे की ज्या बर्लिनमध्ये तो पपायरस, त्याच बर्लिनमध्ये ह्या कोड्याचे खरे उत्तर मिळाले. तिथल्या शारिटे रुग्णालयाच्या स्त्रीविभागात सेल्मार आशहाइम आणि बर्नहार्ड झोंडेक हे दोघे डॉक्टर काम करीत. १९२७ मध्ये त्यांना दिसून आले की गरोदर बाईच्या मूत्रात असे काही द्रव्य असते की ते कोवळ्या, वयात न आलेल्या उंदरीला टोचले तर तिचे अंडाशय एकाएकी पक्व होतात. पुढल्या वर्षी त्यांनी ह्यावरून रीतसर कसोटी मांडली. सहा ते आठ ग्रॅम वजनाच्या पाच उंदरी घ्यायच्या, दोन दिवसांत सहा वेळा टोचायचे आणि सुमारे शंभर तासांनी त्यांना मारून अंडाशय पाहायचे. त्यांवर रक्ताचे बारीक ठिपके दिसले तर बाई गरोदर. शंभरात अठ्ठ्याण्णव वेळा ही कसोटी खरी ठरे. आज घड्याळे लावून निकाल पाहणाऱ्यांना चार-पाच दिवस आणि पाच जीव फार वाटतील. पण त्यापूर्वी डॉक्टरला खात्रीने सांगायला तीन-चार महिने वाट पाहावी लागे.

दोघेही ज्यू होते. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि झोंडेकची नोकरी गेली; तो स्टॉकहोममार्गे जेरुसलेमला गेला आणि तिथे नव्याने प्रयोगशाळा मांडून बसला. आशहाइमही पुढे पॅरिसला निघून गेला. जगातल्या लाखो घरांना ज्यांच्या नावाच्या कसोटीने आनंदाची बातमी दिली, त्यांना स्वतःचे घर मात्र सोडावे लागले.

उंदरांनंतर सशांची पाळी आली. १९३१ मध्ये अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या मॉरिस फ्रीडमनने सशाच्या मादीवर कसोटी बसवली. उत्तर दोन दिवसांत मिळू लागले. तिकडे बायका दिवस गेल्याचे आडवळणाने सांगायचे असेल तर 'ससा मेला' असे म्हणू लागल्या. खरी गोष्ट अशी की निकाल होकारी असो की नकारी, ससा दोन्हीकडून मरे. अंडाशय पाहायला त्याचे पोट फाडणे प्राप्तच होते. हा हिशेब सुटला तो दक्षिण आफ्रिकेत. केपटाउनला असताना लॅन्सलॉट हॉगबेन ह्या प्राणिशास्त्रज्ञाला १९३० च्या सुमारास आढळले की झेनोपस नावाच्या पाणबेडकीला बैलाच्या मेंदूतळच्या ग्रंथीचा अर्क टोचला तर ती अंडी घालते. त्यावरून गरोदरपणाची कसोटी निघाली. बेडकी रात्रीतून अंडी घाली, ती उघड्या डोळ्यांना दिसत, आणि बेडकी जिवंत राही. शेवटी १९४७ मध्ये ब्वेनोस आयरेसच्या कार्लोस गाली मायनिनीने दाखवले की ह्याला बेडकीही नको, अंगणातला नर भेक पुरे. ही युक्ती आपल्या देशाला विशेष मानवली, कारण पाऊस पडला की हा माल फुकट! आमचे शिपाईमामा त्या अर्जेंटिनाच्या पंडिताचे शिष्य होते, हे त्यांना कधी कळले नाही.

आता हे द्रव्य कोणते? आशहाइम आणि झोंडेक ह्यांची समजूत अशी होती की ते मेंदूच्या बुडाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून येते. ही समजूत चुकीची निघाली. १९३८ मध्ये बाल्टिमोरला जॉर्ज गाय, जॉर्जियाना सीगर आणि त्यांचे सहकारी ह्यांनी वारेच्या पेशी काचेच्या भांड्यात वाढवल्या आणि त्या पेशीच हे द्रव्य तयार करतात हे दाखवून दिले. वार म्हणजे आपण बाळंतपणानंतर पुरून टाकतो ती. तिच्या बाहेरच्या आवरणाला कोरिऑन म्हणतात, म्हणून ह्या संप्रेरकाचे नाव पडले ह्यूमन कोरिऑनिक गोनॅडोट्रॉपिन. नाव लांबलचक आहे, डॉक्टर एच.सी.जी. म्हणतात, आपणही तसेच म्हणू.

त्याचे काम समजले की मन थक्क होते. दर महिन्याला अंडाशयातून बीज सुटते आणि ते जिथून सुटले तिथे एक पिवळा गोळा तयार होतो, त्याला पीतपिंड म्हणतात. हा पीतपिंड प्रोजेस्टेरॉन नावाचे द्रव्य सोडून गर्भाशयाचे अस्तर उबदार, रक्ताने भरलेले ठेवतो. पण त्याचे आयुष्य जेमतेम चौदा दिवसांचे. तो सुकला की अस्तर गळते आणि पाळी येते. समजा गर्भ राहिला. सातव्या-आठव्या दिवशी तो मोहरीहूनही बारीक जीव अस्तरात रुजू लागतो. घरधनिणीला पाहुणा आल्याची वार्ताही नाही, आणि चार-सहा दिवसांत अंथरूण गुंडाळले जाणार! अशा वेळी गर्भाभोवतीच्या, पुढे वार होणाऱ्या पेशी रक्तात एच.सी.जी. सोडतात. ते अंडाशयापर्यंत जाते आणि पीतपिंडाला निरोप देते की मी आलो आहे, थांब. पीतपिंड थांबतो, पाळी चुकते. पहिल्या आठवड्यांत ह्या निरोपाचे प्रमाण दर दोनएक दिवसांनी दुप्पट होत जाते, आठव्या ते दहाव्या आठवड्यात कळस गाठते आणि मग उतरते. कारण तोवर वार स्वतःच प्रोजेस्टेरॉन करू लागलेली असते आणि पीतपिंडाची मिनतवारी करण्याचे कारण उरत नाही. म्हणजे आईचे मन अजून काही जाणत नाही तेव्हा तिच्या अंडाशयाशी मुलाची पहिली बोलणी होऊन गेलेली असतात. बेडकाच्या अंगातही त्या हाकेला ओ देणारी यंत्रणा आहे. त्याने ती हाक ऐकली, एवढेच.

गरोदरपणातल्या उलट्यांचे खापरही पुष्कळ वर्षे ह्याच द्रव्यावर फुटत आले. २०२३ मध्ये मात्र असे दिसून आले की त्यात मोठा वाटा जी.डी.एफ. १५ नावाच्या दुसऱ्याच एका प्रथिनाचा आहे. असो; उलट्या करणाऱ्या सुनेला त्याने काही आराम पडत नाही.

ह्या निरोप्याचा चेहरामोहरा कसा आहे? तो शर्करायुक्त प्रथिन आहे. अ‍ॅमिनो आम्लांच्या दोन साखळ्या एकमेकींना बिलगलेल्या. एकीला अल्फा म्हणतात, तिच्यात ९२ दुवे. दुसरीला बीटा, तिच्यात १४५. त्यांवर जागोजागी शर्करेच्या फांद्या फुटलेल्या असतात आणि एकूण वजनाचा जवळजवळ तिसरा हिस्सा ह्या शर्करेचाच भरतो. दिवाळीच्या अंकात हे लिहिताना शंकरपाळ्यावरच्या पाकाची आठवण होणे साहजिक आहे, पण हा पाक चवीसाठी नाही. बीटाच्या टोकाला एक लांब शेपूट आहे आणि तिच्यावर शर्करेचे चार तुरे आहेत. त्यांच्यामुळे हे द्रव्य रक्तात चटकन विरत नाही. पीयूषिका ग्रंथीतून निघणारे ह्याचेच भावंड, एल.एच., तासाभरात निम्मे संपते, एच.सी.जी. दिवस-दीड दिवस टिकते. पीतपिंडाच्या दारात धरणे धरायचे तर असाच चिवट निरोप्या हवा.

साखळ्यांतल्या दुव्यांचा क्रम १९७२ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाला. तो लावणाऱ्यांत अमेरिकेतल्या बफेलो इथले ओम बहल आणि त्यांचे सहकारी स्वामिनाथन ही नावे वाचून मला त्या काळी कारण नसताना बरे वाटले होते. पण क्रम समजणे वेगळे आणि आकार समजणे वेगळे. आकार पाहायचा तर द्रव्याचे स्फटिक करावे लागतात, आणि हे द्रव्य शर्करेमुळे स्फटिक होऊ देईना. शेवटी बरीचशी शर्करा रसायनाने उतरवून स्फटिक केले गेले आणि १९९४ मध्ये चित्र हाती आले. दोन्ही साखळ्यांच्या मध्यभागी एक चमत्कारिक गाठ निघाली: गंधकाच्या दोन टाक्यांनी एक कडे झालेले आणि त्या कड्यातून तिसरा टाका ओवलेला. शिवाय बीटा साखळीचा एक पदर अल्फाच्या कमरेभोवती फिरून पुन्हा स्वतःला येऊन अडकतो. शास्त्रज्ञ त्याला मोटारीतल्या पट्ट्याची उपमा देतात. मला तो कासोट्यासारखा वाटला. तो सुटला की दोन्ही साखळ्या विलग होतात, आणि विलग झालेली एकही साखळी पीतपिंडाला हाक मारू शकत नाही.

ह्या रचनेतली एक गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढची सगळी कथा तिच्यावर उभी आहे. अल्फा साखळी एकट्या एच.सी.जी.ची नाही. एल.एच., बीज पिकवणारे एफ.एस.एच. आणि गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला चालना देणारे टी.एस.एच. ह्या तिघांतही तीच अल्फा आहे. मूठ एकच, पाती निरनिराळी. कोणते हत्यार ते पात्यावरून, म्हणजे बीटावरून ठरायचे. त्यातही एल.एच.चे पाते एच.सी.जी.च्या पात्यासारखेच आहे. म्हणून उंदीर, ससा, बेडूक ह्यांना दोघांतला भेद कळत नसे. भरपूर एच.सी.जी. असले तर प्रश्न नाही; पण थोडेसे असले तर ते गर्भाचे की पीयूषिकेचे, हे सांगण्याची सोय नव्हती. आणि थोडेसे केव्हा मोजावे लागते? गर्भ ओळखताना फारसे नाही. ते मोजावे लागते काकूसारखीच्या बाबतीत.

काकूला झाले होते त्याला वैद्यक द्राक्षगर्भ म्हणते. त्यात वारेच्या पेशी बेसुमार वाढतात, पाण्याने फुगलेल्या मण्यांचे घोस तयार होतात आणि मूल नसते. वारेच्या पेशी अमाप, म्हणून एच.सी.जी. अमाप, म्हणून पोट मोठे आणि उलट्या अनावर. पुष्कळ बायका पिशवी साफ केल्यावर बऱ्या होतात. काहींत मात्र त्या पेशी मागे राहतात, रक्तातून फुप्फुसात जातात आणि कर्करोग बनतात. आज मागे वळून पाहताना माझी खात्री आहे की काकूचा खोकला क्षयाचा नव्हता.

आणि ग्रहणाचे काय? १९७७ मध्ये जपानच्या काजी आणि ओहामा ह्या दोघांनी दाखवले की ज्याला पूर्ण द्राक्षगर्भ म्हणतात त्यातली सगळी गुणसूत्रे पित्याकडून आलेली असतात. बीज आईचे, पण त्याचे केंद्रक हरवलेले. मी हे प्रथम वाचले त्या दिवशी मासिक मिटून बराच वेळ बसून राहिलो. काका तोवर वारले होते. त्यांचाही दोष नव्हता. पेशींच्या घोटाळ्याला दोष म्हणत नाहीत. पण जिच्या माथी सगळे मारले, तिच्या गुणसूत्राचा एक धागाही त्या घोसांत नसावा, हे तिच्या सासूला सांगायला मला फार उशीर झाला होता.

ह्या कर्करोगावरच्या औषधाची गोष्ट आपल्या मुंबईपासून सुरू होते. १९२८ मध्ये ल्युसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टरीण मुंबईत आली. गिरणीत राबणाऱ्या गरीब गरोदर बायकांना एक जीवघेणा पांडुरोग होई, त्याचा ती शोध घेत होती. तिला आढळले की यीस्टचा अर्क, मार्माइट नावाने विकतात तो, दिला की ह्या बायका बऱ्या होतात. त्यातले गुणकारी द्रव्य म्हणजे पुढे सापडलेले फोलिक अ‍ॅसिड. हे अ‍ॅसिड कारखान्यात तयार करण्याचे काम अमेरिकेतल्या लेडर्ले कंपनीत १९४० नंतरच्या दशकात पार पडले, आणि त्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. वाढणाऱ्या पेशींना फोलिक अ‍ॅसिड लागते. मग त्याच्याचसारखे दिसणारे खोटे द्रव्य दिले तर माजलेल्या पेशी उपाशी मरतील, ह्या विचाराने तिथेच त्याची विरोधी औषधे बनली. मेथोट्रेक्सेट हे त्यांतले एक. सुब्बाराव १९४८ मध्ये, काकू जाण्याच्या पाच वर्षे आधी, वारले.

१९५६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत मिन चिउ ली ह्या चिनी डॉक्टरने रॉय हर्ट्‌झ ह्यांच्या विभागात वारेच्या कर्करोगाने मरणाला टेकलेल्या बायकांना मेथोट्रेक्सेट दिले. फुप्फुसातल्या गाठी विरल्या. केवळ औषधाने घट्ट गाठींचा कर्करोग बरा होतो, हे जगाने पहिल्यांदा पाहिले. पण ली तेवढ्यावर थांबेना. गाठ दिसेनाशी झाली तरी बाईच्या मूत्रात एच.सी.जी.चा अंश राहिला तर तो औषध चालूच ठेवी. वरिष्ठांना हे पटले नाही. धडधाकट दिसणाऱ्या बाईला विषारी औषध देणे त्यांना अघोरी वाटले, आणि लीला संस्था सोडावी लागली. पुढे हिशेब पाहिला तेव्हा उमगले की संप्रेरक शून्य होईपर्यंत ज्यांना औषध मिळाले त्या बायका बऱ्या राहिल्या. ज्यांचे आधी थांबवले त्यांच्यात रोग उलटला. १९७२ मध्ये लीला लास्कर पारितोषिक मिळाले. त्याने बेडकापेक्षा डोळ्यांवर कमी विश्वास ठेवला, एवढाच त्याचा अपराध होता.

पण तो शेवटचा अंश नेमका मोजायचा कसा? तिथे एल.एच. आडवे येई. ही अडचण त्याच आवारात ज्युडिथ व्हायटुकायटिस, ग्लेन ब्राउनस्टाइन आणि ग्रिफ रॉस ह्यांनी १९७२ मध्ये सोडवली. त्यांनी अख्खे संप्रेरक न घेता फक्त बीटा साखळी सशांना टोचली आणि सशांच्या रक्तात जे प्रतिपिंड तयार झाले ते कसोटीला वापरले. ते एच.सी.जी.च्या पात्याला ओळखत आणि एल.एच.ला बहुतांशी सोडून देत. म्हणजे पुन्हा ससाच कामी आला. ही कसोटी त्यांनी कर्करोगाच्या बायकांसाठी केली. पण ती इतकी सूक्ष्म निघाली की पाळी चुकायच्या सुमारास गर्भही ओळखू लागली. आणि आज औषधाच्या दुकानात मिळणारी दोन रेघांची पट्टी तिच्याच वंशातली आहे. लाजत-लाजत ती पुडी पदराआड नेणाऱ्या मुलीला हे माहीत नसते की तिचे माहेर कर्करोगाच्या वॉर्डात आहे.

पट्टी घरात येण्याची कथा छोटी आहे, पण सांगण्याजोगी. स्वीडनमध्ये १९६० मध्ये प्राण्यांवाचून, नुसत्या काचनळीत करायची कसोटी निघाली होती. तशा नळ्यांची रांग न्यू जर्सीतल्या ऑर्गनॉन कंपनीत मार्गारेट क्रेन नावाच्या तरुण चित्रकर्तीने १९६७ मध्ये पाहिली आणि तिच्या मनात आले की हे तर बाई घरीही करू शकेल. कागदाच्या टाचण्या ठेवायच्या पारदर्शक डबीतून तिने नमुना केला. वरिष्ठ हसले, डॉक्टर नाराज होतील म्हणाले. शेवटी पेटंट घेतले तेव्हा हक्कांबद्दल तिला एक डॉलर कबूल झाला, आणि ती म्हणे की तोही मिळाला नाही. तिचा मूळ नमुना २०१५ पासून वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. ह्याच कंपनीच्या हॉलंडमधल्या मूळ शाखेने १९३१ पासून गरोदर बायकांचे मूत्र घरोघर जाऊन गोळा करण्याची प्रथा पाडली होती. त्यातून काढलेले एच.सी.जी. मूल न होणाऱ्या बायकांना टोचण्यासाठी वापरत. एकीच्या घरचा निरोप दुसरीच्या घरी पोचता करण्यासारखेच हे. उलट दिशेनेही प्रयत्न झाला. दिल्लीच्या जी. पी. तलवारांनी ह्या संप्रेरकाविरुद्ध लस केली आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, पुरेसे प्रतिपिंड असताना, १२२४ मासिक चक्रांत एकच गर्भ राहिला. निरोप वाटेत अडवला की पाहुणा परत फिरतो.

२००९ च्या श्रावणात आमच्या सूनबाईंना दिवस गेले. नवव्या आठवड्यात सोनोग्राफी झाली आणि मुलाचा फोन आला. तो म्हणाला, "बाबा, डॉक्टर काहीतरी मोल म्हणतात." मी खुर्चीवर बसलो. त्याला काकूची गोष्ट मी कधी सांगितली नव्हती, तेव्हाही सांगितली नाही.

पिशवी साफ झाली. मग दर आठवड्याला रक्त तपासून एच.सी.जी. मोजायचे ठरले. सूनबाईंनी शीतकपाटाच्या दारावर एक कागद लावला आणि मला म्हणाल्या, "बाबा, आकडे तुम्ही लिहायचे. तुम्ही लॅबमधले." पहिला आकडा लाखाच्या वर होता. मग बावीस हजार. मग साडेतीन हजार. मग सहाशे. सहाव्या आठवड्याला आकडा उतरायचा थांबला आणि सातव्याला थोडा चढला. पोटाच्या, छातीच्या फोटोत काही दिसत नव्हते. मुलगी हसत-खेळत होती. तरी डॉक्टरीणबाईंनी मेथोट्रेक्सेट सुरू केले. सूनबाईंच्या आईला ते रुचले नाही. त्या मला म्हणाल्या, "पोरगी चांगली दिसते आहे, मग हे विष कशाला?" तेव्हा मी त्यांना मिन चिउ लीची गोष्ट सांगितली, आणि तिच्यामागोमाग, पंचावन्न वर्षांनी पहिल्यांदाच, काकूचीही. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच लेकीला घेऊन इंजेक्शनला गेल्या.

आकडा पुन्हा उतरू लागला. शंभर, तीस, आठ. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मी कागदावर 'पाचाच्या खाली' असे लिहिले आणि त्याखाली रेघ ओढली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की आता वर्षभर दर महिन्याला तपासायचे, मगच पुढचा विचार. आम्ही तपासत राहिलो.

नात २०१२ च्या जूनमध्ये झाली. गेल्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीच्या दिव्याखाली एक मातकट भेक येऊन बसला होता. नातीने काठी उचलली. मी म्हटले, "राहू दे ग त्याला. आमच्या खात्यातला आहे."